शिडीची गिरकी

मंगळवार, पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटं. मुलींच्या कॉलेजच्या बंदिस्त कोर्टात पूर्वेकडच्या बास्केटखाली मॅडम गुडघे टेकून ओल्या फडक्यानं लाकडी जमीन पुसत होत्या. त्या बाजूच्या खिडकीचं एक तावदान नीट बसत नाही. रात्रभर धूळ आत येते आणि धुळीवर बूट सरकतो. काम खरं तर शिपायाचं, पण शिपाई साडेसातला येतो आणि पुसतो तेही, मॅडमच्या शब्दांत, पाहुणे येणार असल्यासारखं, मधलं मधलं. चोवीस वर्षांत या कोर्टावर घसरून एकाही मुलीचं हाड मोडलेलं नाही. ज्यांची मोडली त्यांची एकमेकींवर आपटून मोडली, त्याला फडकं काय करणार.

मॅडम त्रेपन्न वर्षांच्या. उंची पाच फूट दोन इंच. डाव्या गुडघ्यावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण. कॉलेजात त्यांना सगळे मॅडम म्हणतात, आणि चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असलं की त्यांचे यजमानही मॅडमच म्हणतात.

सहाला तेरा मुली आल्या. सराव चोवीस वर्षं जसा होतो तसाच झाला: पळा, द्या, पुन्हा पळा. बॉल हातात दोन सेकंदांपेक्षा जास्त राहिला की शिट्टी. बाकीच्या कॉलेजांत या संघाला उंदरांची टोळी म्हणतात. मॅडमना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की उंदरांना पकडून दाखवा आधी. याच खेळावर त्यांनी संघाला अकरा वेळा उपांत्य फेरीत नेलं, चार वेळा अंतिम फेरीत, आणि एकदा चषकही आणला. तो प्राचार्यांच्या खोलीत फायलींवर वजन म्हणून ठेवलेला असतो.

तेरा मुलींत एक होती पाच फूट साडेदहा इंचांची. शाळेची बस चालवणाऱ्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला. मैत्रिणी तिला मनोरा म्हणत. ती सगळ्यांसोबत पळायची, सगळ्यांच्या मागून पोचायची आणि पोचेपर्यंत खेळ दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. पुढच्या आठवड्यात गुरुवारी राज्याच्या कॅम्पसाठी निवड चाचणी होती. मनोऱ्याची ही शेवटचीच चाचणी, पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. कॅम्पात नाव लागलं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येतो. तिच्या वडिलांनी तो अर्ज आणूनही ठेवला होता आणि कॅम्पाच्या प्रमाणपत्राचा रकाना तेवढा कोरा होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी, मुली गेल्यावर, स्कोअरर आला. हा माणूस भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, आणि एकवीस वर्षं कॉलेजच्या प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता त्यानंच लिहिलेला आहे. संघाचे कपडेही तोच शिवून घेतो. कॉलेजला पन्नास वर्षं होणार म्हणून एक पुस्तिका निघत होती, आणि खेळाचं पान त्याच्याकडे आलं होतं.

"मॅडम, एक विचारू? राग नको."

"विचारा की."

"राज्याच्या कॅम्पला गेलेल्या आपल्या मुली सात. सगळ्यांत उंच पाच फूट पाच."

मॅडम म्हणाल्या, उंच मुली आपल्याकडे येतच नाहीत, पुलापलीकडच्या कॉलेजचं वसतिगृह चांगलं आहे, तिकडे जातात.

"येतात हो," स्कोअरर म्हणाला. "त्यांची जर्सी लांब शिवावी लागते, शिंप्याला वेगळं माप द्यावं लागतं. माझ्या वहीत आहे. एकवीस वर्षांत अकरा लांब जर्सी. अकरातली एकही गेली नाही."

प्रयोगाचं निरीक्षण सांगावं तशा आवाजात त्यानं हे सांगितलं. निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढायचा असतो, म्हणून तो कागद ठेवून प्रयोगशाळेत निघून गेला.

मॅडम बाकावर बसल्या. अकरा मुली. त्यांतली एक आता औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. मॅडम तिच्याकडूनच गुडघ्याचं मलम घेतात. गेल्याच महिन्यात सुटे परत देताना ती हसून म्हणाली होती, "माझ्यात मुळात चपळाईच नव्हती, नाही का मॅडम?" आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "प्रयत्न चांगला होता गं तुझा."

या अकरा मुलींचं काय चुकलं ते समजायला मॅडमच्या स्वतःच्या खेळाकडे जावं लागतं, आणि तिकडे जायचं तर वाटेत शिडी उभी आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी दोघी एकाच दिवशी कोर्टावर आल्या. एक पाच फूट दोन, दुसरी पाच फूट अकरा. आठवड्याच्या आत एकीचं नाव टाचणी पडलं आणि दुसरीचं शिडी. चार वर्षं दोघी एकत्र खेळल्या आणि एकत्रच जिंकल्या. पद्धत साधी होती. शिडी बास्केटखाली पाठ करून उभी राहायची, तोंड टाचणीकडे. टाचणी तीन जणींच्या मधून, एकीच्या काखेखालून किंवा दुसरीच्या घोट्याजवळून, जमिनीवर एक टप्पा देऊन बॉल शिडीच्या हातात घालायची. मग शिडी एक पाय जागेवर रोवायची, दुसरा मागे टाकायची, गिरकी घ्यायची आणि बॉल जाळीत. अडवणारी मुलगी अजून तिच्या पाठीला धरूनच असायची.

प्रेक्षक गिरकीला टाळ्या वाजवत. टप्प्याला कोण वाजवणार?

शेवटच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात शिडीचे सत्तावीस गुण झाले, टाचणीचे दोन. सत्तावीसांतले बावीस टाचणीच्या हातातून गेले होते. तिनं ते मोजले होते, कारण दुसरं कुणी मोजणार नव्हतं. त्या काळच्या गुणतक्त्यात पाससाठी रकानाच नव्हता. निवड समितीनं तक्ता पाहिला आणि राष्ट्रीय संघाच्या चौदा नावांत सहावं नाव शिडीचं लिहिलं. यादी क्रीडा कार्यालयाच्या दाराला चिकटवली होती. टाचणीनं ती वरून खाली वाचली, मग खालून वर. शिडीनं मागून येऊन तिला उचललं, अक्षरशः जमिनीपासून वर उचललं, आणि म्हणाली, "टाचणे, आपलं झालं."

"माझं झालं" म्हणाली असती तर कदाचित निभावलं असतं. त्या "आपलं"मध्ये टाचणीच्या वाट्याला काय आलं होतं ते एकतीस वर्षांत तिला सापडलेलं नाही.

शिडी परदेशात दोन स्पर्धा खेळून आली. संघाचा कोट, वर्तमानपत्रात फोटो, वीज कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी. टाचणी एका गिरणीच्या संघाकडून तीन वर्षं खेळली, गुडघा गेला, प्रशिक्षणाची पदविका घेतली आणि एकोणतिसाव्या वर्षी याच कॉलेजात मॅडम झाली. दोघींचं भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर ते मिटलं तरी असतं. शिडी लग्नाकार्यात भेटली की मिठी मारायची, मुलांची चौकशी करायची, आणि तिच्या मनात काहीही नाही हे स्पष्ट दिसायचं. मॅडमना सगळ्यांत जास्त राग याचा यायचा. आपण एवढी वर्षं एकटीनंच एवढा खटाटोप चालवलाय आणि समोरच्या माणसाला पत्ताही नाही. शिडीचं वजन वाढलं तेव्हा मॅडमचा एक आठवडा बरा गेला होता. मग शिडी चालायला लागली आणि वजन उतरलं.

त्या दिवशी दुपारी मॅडमनी कपाटातून सरावाच्या वह्या काढल्या. दर वर्षाची एक, चोवीस वह्या. कुठल्या दिवशी काय शिकवलं ते तारीखवार. पास देण्याचे एकोणीस प्रकार. पळत येऊन मारण्याचे आठ. पाठ करून उभं राहण्याचा, पाय रोवण्याचा, गिरकीचा एकही नाही. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: "आपल्या खेळात कुणी उभं राहायचं नाही." याचं तेव्हा कौतुक झालं होतं. दुसऱ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी हा वेगाचा खेळ आहे असं म्हटलं होतं आणि मॅडमनीही तसंच म्हणायला सुरुवात केली होती. आता चोवीस वह्या समोर मांडल्यावर वेगाचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटेना. शिडीची गिरकी डोळ्यांसमोर नको, एवढंच कारण होतं. आणि ती डोळ्यांसमोर नको म्हणून अकरा उंच मुलींना त्यांनी उंदरांसारखं पळवलं होतं.

यजमान जेवायला घरी आले तेव्हा वह्या अजून जमिनीवरच होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन-चार पानं चाळली, स्कोअररचा कागद वाचला आणि हात धुऊन जेवायला बसले. जेवताना म्हणाले की मग शिडीला फोन कर, दोन बस-थांबे सोडून तर राहते.

"तिला वेळ नसेल."

"गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतलीय तिनं. वेळ सोडून दुसरं काय असणार तिच्याकडे?"

मॅडमनी भाजी वाढली.

"हे बघ," यजमान म्हणाले, "तिच्या नावानं तुझ्या पोटात दुखतं हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. दुखू दे. पण त्या मनोऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"मीच शिकवीन तिला. मला काय येत नाही? हजार वेळा पाहिलीय मी ती गिरकी."

हे खरं होतं. हजार वेळा पाहिली होती. यजमानांचा धंदा बघण्याशी संबंधित असल्यामुळे ते यावर काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी ताक मागितलं.

बुधवारी सकाळी मॅडमनी मनोऱ्याला पूर्वेकडच्या बास्केटखाली उभं केलं आणि सांगितलं की आजपासून तू पळायचं नाहीस. मनोऱ्याला वाटलं तिला संघातून काढलं. मग तिला पाठ कशी करायची, गुडघे किती वाकवायचे, कोपर कुठे ठेवायचं हे दाखवलं. मॅडमना सगळं पाठ होतं. डोळे मिटले की शिडी दिसायची. कुठला पाय रोवायची ती? डावीकडचा. दुसरा मागे, आणि वळण कडेच्या रेषेकडे. मॅडम म्हणाल्या, "डावा पाय रोव. खिळा ठोकल्यासारखा. तो हलला तर मेलीस."

मनोऱ्यानं डावा रोवला आणि कडेच्या रेषेकडे वळायला गेली. पायांची अढी पडली. पुन्हा. पुन्हा अढी. मॅडम दहा फुटांवर, जिथं एकतीस वर्षांपूर्वी उभ्या राहायच्या तिथंच उभ्या होत्या, टप्पा देत होत्या आणि म्हणत होत्या की कंबर सैल सोड. गुरुवारी तेच झालं. शुक्रवारी मनोरा एकदा बसकण मारून पडली. मॅडमच्या मनात तेव्हा जे आलं ते त्यांनी नंतर यजमानांना सांगितलं, म्हणून इथं लिहिता येतं. त्यांच्या मनात आलं: बघ, जमत नाही. म्हणजे त्या अकराजणींनाही जमलं नसतं. म्हणजे शिडी खरंच शिडी होती. पहिल्या दोन विचारांनी त्यांना हलकं वाटलं आणि तिसऱ्यानं पुन्हा जळजळ सुरू झाली.

शनिवारी सराव-सामना होता. समोर एका विमा कचेरीचा बायकांचा संघ, बहुतेकजणी चाळिशीच्या, विश्रांतीत गुडघ्यांबद्दल बोलणाऱ्या. मनोऱ्याला पाच वेळा बॉल मिळाला. चार वेळा पंचानं शिट्टी वाजवली आणि दोन्ही मुठी गोल फिरवल्या. रोवलेला पाय सरकला, बॉल समोरच्या संघाला. पाचव्या वेळी मनोऱ्यानं गिरकी घेतलीच नाही. बॉल परत देऊन टाकला आणि पळायला लागली. चाचणीला पाच दिवस उरले होते.

सामना अकराला संपला. बाकीच्या मुली गेल्या तरी मनोरा बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. एकच नाडी ती बराच वेळ सोडत होती.

"मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?"

या आठवड्यात सगळ्यांनाच आपल्या रागाची भीती का वाटतेय, असं मॅडमना वाटून गेलं. त्या म्हणाल्या, बोल.

"डाव्या पायावर माझ्याकडून होत नाही. घरी गच्चीवर उजवा रोवून पाहिला तर होतं."

"मग उजवा का नाही रोवलास?"

"तुम्ही डावा म्हणालात ना. हलला तर मेलीस म्हणालात."

मॅडमनी तिला घरी पाठवलं. मग कोर्टावर कुणी नाही हे पाहून त्या पूर्वेकडच्या बास्केटखाली जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. एवढ्या वर्षांत त्या जागेवर त्या जमीन पुसायला बसल्या होत्या, खेळाडू म्हणून उभ्या कधीच राहिल्या नव्हत्या. तिथून त्यांना दहा फुटांवरची आपली रोजची जागा दिसली. आपण तिथं असतो आणि शिडी इथं असते. आपल्या डावीकडचा पाय म्हणजे इथं उभ्या असलेल्या बाईचा उजवा. लहान पोराला समोर उभं राहून भांग कसा पाडायचा ते शिकवणाऱ्या कुणालाही हे कळतं. चोवीस वर्षं प्रशिक्षक असलेल्या बाईला तीन दिवस कळलं नव्हतं, कारण शिडीच्या जागी उभं राहून पाहणं हे तिनं एकदाही केलं नव्हतं.

त्यांनी उजवा पाय रोवून गिरकी घेऊन पाहिली. गुडघा कुरकुरला, पण गिरकी झाली. आणि लगेच दुसरी अडचण समोर आली. अडवणाऱ्या मुलीनं ओळखलं की ही इकडेच वळणार, तर पुढे काय? शिडी काहीतरी करायची. खांद्यानं हूल द्यायची? उलट वळायची? समोरून पाहताना ते सगळं शिडीच्या पाठीआड घडायचं. मॅडमना तेवढं माहीत नव्हतं, आणि ज्या एका बाईला माहीत होतं ती दोन बस-थांब्यांवर राहत होती.

फोन दुपारी एकला केला. शिडीनं उचलला आणि आवाज ओळखून विचारलं, "टाचणे? कोण गेलं गं?"

मॅडम फक्त कुणी वारलं तरच फोन करायच्या हे त्यांना तेव्हा समजलं. त्यांनी सांगितलं की सगळे ठीक आहेत. एक मुलगी आहे. तुझी ती गिरकी तिला शिकवायचीय. मी शिकवली, पण उलटी शिकवली. शिडी इतकी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला. मग तिनं विचारलं, किती वाजता.

रविवारी सहाला शिडी स्कूटरवरून आली. गुडघ्याला पट्टा, कापडी पिशवीत बूट. मुलींनी तिला पाहिलं आणि कुणी न सांगता वाट करून दिली. पाच फूट अकरा इंचांची त्रेपन्न वर्षांची बाई दारातून आत येते तेव्हा ती कोण हे विचारावं लागत नाही. मनोरा तिच्याकडे जवळजवळ समोरासमोर पाहू शकत होती. घराबाहेर असं पाहायला तिला कुणी बाई बहुधा पहिल्यांदाच मिळाली असावी.

वीस मिनिटं लागली. मॅडमनी घड्याळ पाहिलं म्हणून नेमकं सांगता येतं. वीस मिनिटांत मनोरा उजव्या पायावर, मग डाव्या पायावर, मग हूल देऊन उलटी वळायला लागली. शिडी शिकवताना ओरडत नव्हती. मनोऱ्याच्या पाठीला स्वतः चिकटून उभी राहायची आणि म्हणायची, "मी कुठंय ते पाठीनं सांग. डावीकडे? मग उजवीकडे जा की बाई, मला कशाला विचारतेस." मनोरा हसायची. बाकीच्या बाराजणीही हसायच्या. या कोर्टावर सरावाच्या वेळात मुली हसल्याचं मॅडमना आठवत नव्हतं. त्यांना वाटायचं, हसणाऱ्या मुली शिकत नाहीत. आता त्यांच्यादेखत एक शिकत होती.

मॅडमकडे काम एकच उरलं होतं, दहा फुटांवरून टप्पा द्यायचं. त्यांनी तो दिला. पहिलाच बॉल शिडीनं त्याच्याकडे न पाहता, बोलता बोलता घेतला आणि मुलींना म्हणाली, "हा पास बघून ठेवा. हिच्या हातचा आला की डोळे मिटून घ्यायचा." मुलींनी मॅडमकडे पाहिलं. कौतुकच होतं ते. मॅडमना मात्र आपण पुन्हा एकदा दुसरीच्या गिरकीचं अर्धं अंग झालो असं वाटलं, आणि त्यांनी पुढचा टप्पा जरा जोरात टाकला. शिडीनं तोही घेतला.

सोमवारी पाणी पिताना मनोऱ्यानं शिडीला विचारलं की तुम्ही देशाकडून किती सामने खेळलात.

"सामने नऊ. मैदानावर मिनिटं अकरा." शिडीनं बाटलीचं झाकण लावलं. "बाकी वेळ टॉवेल द्यायचे. फार चांगले टॉवेल देते मी."

मुली हसल्या. शिडी पुढं म्हणाली, "तिथं मला बॉल देणार कोण? मी हात पुढे करून उभी, आणि बॉल भलतीकडेच. प्रशिक्षक म्हणाले, ही जागेवर उभी राहते. अगं, मला उभं राहायचीच सवय. टाचणी आणून द्यायची ना हातात."

एकतीस वर्षं मॅडमनी त्या नऊ सामन्यांची कल्पना केली होती. कल्पनेत शिडी प्रत्येक सामना पूर्ण खेळली होती.

संध्याकाळी यजमानांनी हे ऐकलं. एका गिऱ्हाइकाची काच घासत होते. म्हणाले, "मग आता बरं वाटत असेल."

"नाही."

"का? अकराच तर मिनिटं."

"मला एकही नाही मिळालं."

यजमानांनी काच दिव्यासमोर धरून पाहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं ते काचेकडे बघत म्हणाले. मॅडमनी ऐकलं आणि त्याला हरकत घेतली नाही.

गुरुवारी चाचणी झाली. चोवीस जागांसाठी एकशे चाळीस मुली. मनोऱ्याला खेळायला दोनदा आठ-आठ मिनिटं मिळाली. त्यात तिनं सहा वेळा गिरकी घेतली, चार वेळा बॉल जाळीत. एकदा शिट्टी वाजली. एकदा समोरची मुलगी फसून भलत्याच दिशेला उडी मारून बसली, तेव्हा टेबलामागच्या तीन निवडकर्त्यांपैकी एकानं मान वर केली. चाचणी संपल्यावर त्यानं मनोऱ्याला बोलावलं. मॅडम तिची पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन तीन पावलांवर उभ्या होत्या.

"हे कुणी शिकवलं तुला?"

मनोऱ्यानं शिडीचं खरं नाव सांगितलं. निवडकर्त्यानं ते ओळखलं, भुवया वर गेल्या, शेजारच्याला सांगितलं, आणि दोघांनी मिळून काहीतरी लिहिलं. मनोरा प्रामाणिक मुलगी होती. तिला विचारलं होतं तेवढंच तिनं सांगितलं. मग मागे वळून तिनं टॉवेल घेतला आणि विचारलं, "मॅडम, बरोबर केलं ना मी?"

मॅडम म्हणाल्या, "कोपर खाली जातंय. कॅम्पात खाली जाऊ देऊ नकोस."

"कॅम्पात?"

"घाम पूस आधी."

शुक्रवारी दुपारी यादी लागली. मनोरा एकविसावी. स्कोअररनं सातची आठ केली आणि पुस्तिकेचं पान छापायला देऊन टाकलं. मनोऱ्याचे वडील शाळेची बस सोडून थेट गणवेशातच आले, मॅडमना नमस्कार केला, आणि त्या दुसऱ्या मॅडम कुठे भेटतील म्हणून विचारलं. मॅडमनी पत्ता सांगितला. दोन बस-थांबे, कोपऱ्यावर किराणा दुकान, दुसरा मजला.

खरा प्रश्न चार वाजता आला. शिडी बूट न्यायला आली होती, ते कोर्टावरच्या कपाटात राहिले होते. काम झालं होतं. मनोरा कॅम्पाला जाणार, शिडीचं इथं आता काही नव्हतं. पिशवीत बूट घालता घालता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, पण पिशवीची गाठ मारायची थांबली.

"पहिल्या वर्षाला दोन उंच पोरी आहेत तुझ्याकडे. पाहिल्या मी. उद्या येऊ?"

त्या दोन मुलींना मॅडमनी परवाच पळत मारण्याच्या आठ प्रकारांतला तिसरा शिकवला होता. गिरकी आता त्यांना स्वतःलाही शिकवता आली असती, उजव्या पायावर, बरीचशी बरोबर. पाठीआडचं सोडून. आणि शिडी आली की मुली हसणार, पुढच्या वर्षी एखादी टेबलासमोर उभी राहून तिचंच नाव सांगणार, तेव्हा आपण बाटली धरून तीन पावलांवर असणार, हे त्यांना यादी वाचावी तसं स्वच्छ दिसलं. आतलं दुखणं जिथं होतं तिथंच होतं. ते कमी होईल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या. कमी झालं नाही.

"सहाला ये," मॅडम म्हणाल्या. "आधी नको. जमीन ओली असते."

"आणि बॉल?"

"बॉल मीच देणार. दुसरं कोण देणार तुला?"

शिडीनं पिशवीतून बूट काढून परत कपाटात ठेवले आणि स्कूटर काढून गेली. मॅडमनी या वर्षीची वही उघडली, उद्याच्या पानावरचा पळत मारण्याचा चौथा प्रकार खोडला आणि त्या जागी एका ओळीत लिहिलं: गिरकी.

उद्या शनिवार. कोर्टाचं दार नेहमीप्रमाणे पावणेसहाला उघडेल. सहा ते पावणेसात पूर्वेकडच्या बास्केटखाली पहिल्या वर्षाच्या दोन मुली असतील, आणि त्यांना शिकवायला मॅडम नसतील, शिडी असेल; मॅडम दहा फुटांवरून बॉल देतील.